दहा नंबरच्या सुया

(शुगर लँडमध्ये आपल्या मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



गेल्या महिन्यात संयोजकांचा फोन आला, "या वेळी तुम्ही बोला." मी विचारलं, कशावर? "तुमच्या संशोधनावर, पण सोप्या भाषेत." मी म्हटलं, माझं संशोधन सोप्या भाषेत सांगितलं तर पाच मिनिटांत संपतं, आणि अवघड भाषेत सांगितलं तर तुम्ही पाच मिनिटांत झोपता. त्यापेक्षा विणकामावर बोलते. पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न, "म्हणजे कबीर वगैरे का?" मी म्हटलं, नाही हो, स्वेटर.

आपण इथे आरक्षणावर बोललो, अंधश्रद्धेवर बोललो, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर बोललो. त्या रांगेत स्वेटर कुठे बसतो ते मलाही नक्की सांगता येणार नाही. पण ही पिशवी मी आणली आहे. यात माझ्या आईसाठी विणायला घेतलेला एक स्वेटर आहे. सुरुवात करून तीन वर्षं होऊन गेली. आतापर्यंत दोनदा जवळजवळ पूर्ण उसवला आणि एकदा अर्धा. आजचं भाषण त्या उसवण्यावर आहे.

पहिला प्रश्न मला सगळेच विचारतात, शुगर लँडमध्ये स्वेटर कशाला? बरोबर आहे. इथे दिवाळीला एसी चालू असतो. पण फेब्रुवारी २०२१ आठवतोय ना? ह्यूस्टन परिसरात पारा उणे १० सेल्सिअसच्या घरात गेला होता. टेक्सासचं विजेचं जाळं बाकी देशापासून बरंचसं तुटक, त्यामुळे बाहेरून फारशी मदत घेता येईना, आणि लाखो घरं अंधारात. सरकारी मोजणीप्रमाणे राज्यात २४६ माणसं दगावली. आमच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. आम्ही चौघं एका खोलीत, घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर. तेव्हा मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून आईनं विणलेला स्वेटर काढला. २००१ साली पीएचडीला निघाले तेव्हा तिनं बॅगेत कोंबलेला, विटकरी रंगाचा. वीस वर्षांत मी तो दोनदा घातला असेल. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, पण काय ऊब होती हो.

रात्री झोप लागेना, म्हणून टॉर्चच्या उजेडात मी त्याची वीण बघत बसले. पुढच्या भागावर दोन वेण्या वर जातात. प्रत्येक वेणी ठरावीक ओळींनंतर पीळ घेते. गळ्याजवळ टाके कमी होतात तेव्हा वेणी मध्येच कापली न जाता गळ्याच्या कडेत मिसळून जाते. हे सहज होत नाही. कुणीतरी आधी गणित केलेलं असतं. माझ्या आईनं केलं होतं, आणि ती जुनी अकरावी झालेली बाई आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमचं घर नाशिकचं, बाबा सेवा दलातले. त्यांचं मत ठाम होतं, मुलीच्या हातात सुया नकोत, पुस्तक हवं. मला ते फारच पटलं. शाळेत शिवणाच्या तासाला मी बाकाखाली विज्ञानकथा वाचायचे. संध्याकाळी आई खुर्चीत बसून विणायची आणि आम्ही बाप-लेक तिच्यासमोर स्त्रीमुक्तीवर तावातावानं बोलायचो. त्या चर्चेत तिला कधी कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. सुया म्हणजे मागासपणा, एवढं आम्ही ठरवून टाकलं होतं.

असो. वीज आली, बर्फ वितळला, आणि मी आईला फोन करून म्हटलं, मला शिकव. ती म्हणाली, "आता? पन्नाशी आली तुझी." (आली नव्हती. आईच्या हिशेबात चाळीस ओलांडली की पन्नासच.) मी विचारलं, तू स्वतःसाठी कधी स्वेटर विणलास का गं? तिनं जरा विचार केला. "उरलेल्या लोकरीतनं एक बिनबाह्यांचा केला होता. चार रंगांचा. घरात घालायला." झालं, ठरलं. मी तिच्यासाठी विणणार.

पुढच्याच महिन्यात तिच्या वहीची पानं भाचीनं फोनवर फोटो काढून पाठवली. ही वही म्हणजे शुद्ध प्रयोगवही आहे. "पाठ : १० नं. सुया. १२० टाके. पट्टी १ सु. १ उ., २४ सुया." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सु. म्हणजे सुलट टाका, उ. म्हणजे उलट, आणि '२४ सुया' म्हणजे चोवीस ओळी. सगळं विणकाम या दोनच टाक्यांवर चालतं. शून्य आणि एक म्हणा हवं तर. समासात बारीक अक्षरात शेरे आहेत : "वसूचा गळा घट्ट झाला, ४ टाके जास्त घ्यावे."

मी इथल्या दुकानातून दहा नंबरच्या सुया आणल्या. चांगली मऊ लोकर आणली, आकाशी रंगाची. सुया बऱ्याच जाड वाटल्या. आईच्या सुया माझ्या आठवणीत बारीक होत्या. मी मनाशी म्हटलं, तेव्हा आपण लहान होतो म्हणून तसं वाटत असेल. आता बघा, लहान असताना वस्तू मोठ्या वाटतात, लहान नव्हे. पण डॉक्टरेट असली की माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

तीन आठवडे विणलं. एक हात लांबीची पाठ झाली. मग आईला व्हिडिओवर दाखवलं. ती चष्मा पुसून जवळ आली. "हे काय, हत्तीला घालतेस का?"

झालं होतं असं, की भारतात सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. तिथे आकडा वाढला की सुई बारीक होते. आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत उलटं, आकडा वाढला की सुई जाड. इथली दहा नंबरची सुई सहा मिलिमीटरची. मला हवी होती इथली तीन नंबर. १२० टाक्यांची जी पाठ ४३ सेंटिमीटर व्हायला हवी होती ती ७० झाली होती, आणि जाळीसारखी सैल. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ साली मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडांच्या हिशेबात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनचे समजत होती. आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे उदाहरण सांगते. प्रत्येकाला.

शिवाय आईच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे, "आधी नमुना विणून मोजावे." चार बोटांचा एक चौकोन विणायचा, त्यात किती टाके बसतात ते मोजायचं, मग कामाला लागायचं. यालाच आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो आणि त्याचे पगार घेतो. मी तो चौकोन विणला नव्हता. घाई होती.

मी आईला म्हटलं, मग याची शाल करू का? "मला शाल नको आहे. उसव."

इंग्रजीत उसवण्याला गमतीचा शब्द आहे, 'फ्रॉगिंग'. धागा ओढताना 'रिप इट, रिप इट' म्हणायचं, ते ऐकायला अमेरिकन बेडकाच्या 'रिबिट'सारखं लागतं म्हणून. आपला बेडूक डराँव म्हणतो, त्यामुळे मराठीत हा विनोद होत नाही. मराठीत उसवणं नुसतं उसवणंच आहे, आणि तेच बरं. तीन आठवड्यांचं काम बारा मिनिटांत गेलं. घड्याळ लावलं होतं.

त्या बारा मिनिटांत मात्र मला पहिल्यांदा कळलं की आपण काय करत होतो. मराठीत आपण कापड विणतो, स्वेटर विणतो, खाटही विणतो, सगळ्याला शब्द एकच. पण धनगरांची घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीची लोकर, उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ, मागावर आडवे धागे घालून घट्ट ठोकलेली. ती उसवायला गेलात तर हातात शेकडो तुकडे येतील. स्वेटरची पाठ उसवली तर हातात एकच अखंड धागा येतो, जसाच्या तसा, कारण त्यात एकही गाठ नसते. प्रत्येक टाका म्हणजे नुसता फास, खालच्या फासातून वर काढलेला. वरचा खालच्याला धरून ठेवतो, आणि सगळ्यात वरच्यांना सुई धरून ठेवते. सुई काढली आणि टोक ओढलं की सगळं सरळ. मात्र टोक शेवटाकडचं लागतं. सुरुवातीच्या कडेकडून असं सरसर उसवत नाही, तिथे प्रत्येक फासातून टोक ओढून काढावं लागतं. म्हणजे चूक खाली दहाव्या ओळीत असेल, तर तिच्या वरच्या पन्नास बिनचूक ओळी आधी जातात. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नसतो.

उसवलेली लोकर कुरळी होते, शेवयांसारखी. तशीच पुन्हा विणली तर टाके वेडेवाकडे येतात. यावर आईची पद्धत : खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता टांगायची आणि खाली एक तांब्या अडकवायचा. दोन दिवसांनी धागा सरळ. मी रसायनशास्त्राची, त्यामुळे मला हे फारच आवडलं. लोकरीचं प्रथिन केराटिन. त्याच्या साखळ्यांना दोन तऱ्हेचे बंध असतात. गंधकाचे बंध पक्के, पाण्याला दाद न देणारे. हायड्रोजनचे बंध कच्चे, पाणी मिळालं की सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. कुरळेपणा कच्च्या बंधांत असतो, मूळ स्वभाव पक्क्या बंधांत. ओले केस रोलरवर वाळवतात तेही हेच. (आईच्या काळातली बाजारातली बरीच लोकर खरं तर अ‍ॅक्रिलिकची असायची. तिला पाण्यानं फारसा फरक पडत नाही, वाफ लागते. त्यासाठी आमच्याकडे आधणाच्या पातेल्यावर लडी धरायचं काम मला मिळायचं. तेवढाच माझा या कलेतला सहभाग.)

हे वाचायला लागले आणि एका वळणावर मला माझंच काम भेटलं. १९३० च्या दशकात लीड्समध्ये विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी क्ष-किरणांनी लोकरीचे तंतू तपासले आणि न ताणलेल्या व ताणलेल्या तंतूची आतली रचना वेगळी असते हे दाखवलं. त्याच लीड्समध्ये लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोघं लोकरीतली अमिनो आम्लं एकमेकांपासून वेगळी करायच्या मागे होते. त्यासाठी त्यांनी आधी एक अगडबंब यंत्र बांधलं होतं, ज्यात दोन द्रव एकमेकांच्या उलट दिशांना वाहायचे. त्या यंत्रानं फार त्रास दिला. मग मार्टिनच्या लक्षात आलं की दोन्ही द्रव हलवायची गरजच नाही. एकाला सिलिकाच्या कणांवर थांबवून ठेवलं आणि दुसऱ्याला त्यावरून वाहू दिलं तरी काम होतं. आधीचं यंत्र बाजूला ठेवून त्यांनी नव्यानं सुरुवात केली. १९४१ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध झाली आणि १९५२ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिचं नाव पार्टिशन क्रोमॅटोग्राफी. तिच्याच नातवंडांवर माझं गेली वीस वर्षं पोट चालतं. लोकर उसवताना हे कळावं, याला काय म्हणायचं!

आता जरा अवघड भाग. बैठकीत मी हा थोडक्यात उरकला, इथे नीट लिहिते.

तीन नंबरच्या सुया आणून मी दुसऱ्यांदा सुरुवात केली. पाठीवर मधोमध एक वेणी घ्यायची ठरवली. तसे आईच्या वहीतले आकडे होतेच, पण एव्हाना माझ्याकडे बार्बरा वॉकर या बाईंचं पुस्तक आलं होतं. मंचाच्या लोकांना आवडेल म्हणून सांगते, विणींचा मोठा कोश म्हणावा असं 'अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स' हे पुस्तक १९६८ मध्ये काढणाऱ्या या बाईंनीच १९८३ मध्ये धर्मकथांमधल्या स्त्रीप्रतिमांवर एक जाडजूड कोश लिहिला. त्यातल्या काही व्युत्पत्ती मला पटत नाहीत, पण एकाच बाईच्या टेबलावर सुया आणि धर्मचिकित्सा शेजारी शेजारी असू शकतात, हे माझ्या बाबांना दाखवायला हवं होतं.

तर मुंढ्यापाशी पोचले आणि दिसलं की चाळीस ओळी खाली वेणीचा एक पीळ उलट्या बाजूला गेला आहे. बाकी सगळे पीळ उजवीकडे, हा एकच डावीकडे. नवरा म्हणाला, "पाठीवर आहे, कोण बघतंय?" मी त्याचं ऐकलं. ऐकायचंच होतं मला. पुढे बावीस ओळी विणल्या. प्रत्येक ओळीला नजर खाली जायची आणि मी ती पुन्हा वर आणायची.

त्याच वसंतात प्रयोगशाळेत एक मापन चालू होतं. कुठली प्रयोगशाळा, काय पदार्थ, ते महत्त्वाचं नाही. सात महिन्यांची आकडेवारी होती. तिचा आधार होता एक प्रमाण द्रावण, ज्याच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं. ते कुठल्या तापमानाला ठेवायचं हे मी ठरवलं होतं. मार्चमध्ये एका आलेखात त्याचं शिखर किंचित बुटकं दिसलं. मी पाहिलं. यंत्राचा दिवस वाईट असेल म्हटलं. एप्रिलमध्ये पुन्हा दिसलं. तेव्हाही पुढे गेले. खरं कारण असं होतं की ते द्रावण हळूहळू विघटित होत होतं, आणि ठरावीक वेगानं नव्हे. ठरावीक असतं तर एका गुणाकारानं सगळे आकडे दुरुस्त झाले असते. इथे तसं करता येत नव्हतं. सात महिने जाणार होते.

ते एकट्या माझे जाणार असते तरी वेगळं. आमच्याकडचा एक तरुण सहकारी, भारतातूनच आलेला, त्या कामावरच्या लेखाचा पहिला लेखक होता. त्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जात तो लेख जायचा होता. आपल्यातल्या किती जणांनी हे दिवस काढले आहेत ते मला या खोलीत सांगायला नको. एक लेख म्हणजे काय असतं, विसाचे महिने कसे मोजतात, भारतात आजारी आई-वडील असताना विमानात बसायची भीती कशी वाटते, सगळं माहीत आहे. आणि मी माझ्या चुकीपोटी त्याला सांगणार होते की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी सांगत नव्हते. स्वतःला मात्र सांगत होते की मी घाई न करता शांतपणे, संयमानं निरीक्षण करते आहे.

मे महिन्यात एका रविवारी मी पाठ उसवली. आधी सगळं उसवायचं टाळून पाहिलं, नुसते वेणीचे आठ टाके खालपर्यंत सोडून क्रोशाच्या सुईनं पुन्हा चढवायचा प्रयत्न केला. हे करता येतं, आई करते. माझ्याकडून आणखी गुंता झाला. मग सुई काढली आणि ओढत गेले. सोमवारी मी त्या मुलाला माझ्या खोलीत बोलावलं.

विणकामानं मला प्रामाणिकपणा शिकवला, असं मी म्हणणार नाही. तसं झालं असतं तर मार्चमध्येच झालं असतं. एवढंच सांगते, की दोन्ही गोष्टी त्याच दोन दिवसांत झाल्या आणि पहिली सोपी होती. लेख आम्ही परत घेतला, तो छापला जायच्या आत. संस्थेला लिहून कळवलं की चूक माझी. तो मुलगा सहा आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मापन पुन्हा करायला पाच महिने लागले. पहिल्यापेक्षा कमी, कारण बाकीच्या पायऱ्या हाताला माहीत झाल्या होत्या. त्याचा अर्ज त्यामुळे उशिरा गेला. पुढे कार्ड मिळालं, पण तो उशीर त्याला परत मिळालेला नाही.

या सगळ्यात मला 'संयम' या शब्दाचीच जरा शंका यायला लागली. आपल्याकडे बाईच्या अंगी संयम हवा म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा अर्थ असतो सोशिकपणा. जे चुकीचं आहे ते तसंच राहू दे, तू मात्र चेहरा शांत ठेव. मार्च-एप्रिलमध्ये मी जे करत होते ते तेच होतं, फक्त पांढरा कोट घालून. उसवायला जो धीर लागतो तो याच्या अगदी उलट्या जातीचा आहे. त्यात चूक सोसायची नसते. जे गेलं ते गेलं म्हणून पुन्हा १२० टाके मोजायचे असतात, आणि ते मोजताना पुटपुटायला, चिडायला पूर्ण परवानगी असते.

आपल्या गावातलं एक उदाहरण सांगते. स्वेटरशी त्याची तुलना करायचा माझा हेतू नाही, ते फार मोठं आणि फार दुःखाचं आहे. पण या दुसऱ्या जातीच्या धीराचा विचार करताना मला तो माणूस आठवतो. शुगर लँड हे नाव ज्या उसावरून आणि साखर कारखान्यावरून पडलं, त्या उसाच्या शेतांत गुलामगिरी संपल्यानंतरही कैदी भाड्यानं आणून राबवले गेले, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ, पूर्वी तुरुंगात पहारेकरी असलेले, वर्षानुवर्षं सांगत होते की या जमिनीत त्या माणसांच्या अनोळखी कबरी आहेत. त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये शाळेची नवी इमारत बांधायला खणलं तेव्हा तिथे हाडं सापडली. एकूण ९५ माणसं. मूर २०२० मध्ये वारले. कुणी त्यांना सोशिक म्हटलं असतं तर ते त्यांना आवडलं असतं असं मला वाटत नाही. आपण त्या शाळेवरून गाडीनं जातो. मी त्या बातमीपर्यंत इथे नऊ वर्षं राहून कारखान्याच्या जुन्या इमारतीचे फोटो काढण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

पुन्हा आईकडे येते. मी तिला एकदा मोठ्या भक्तिभावानं विचारलं, तू आमचे स्वेटर दर दोन वर्षांनी उसवून मोठे करायचीस, खाली नव्या रंगाचा पट्टा घालून. एवढा धीर तुला कुठून यायचा? मला वाटलं, काही तरी सांगेल. ती म्हणाली, "धीर कसला डोंबलाचा. लोकर महाग होती."

मग म्हणाली, "आणि धीर नव्हताच गं. तुझ्या चौथीतल्या स्वेटराच्या वेळी मी सुया फेकल्या होत्या भिंतीवर. तू अभ्यास करत होतीस, तुझं लक्ष नव्हतं."

हे ऐकून मला फार बरं वाटलं, आणि जरा लाजही वाटली. माझं लक्ष नव्हतं हे खरंच आहे. तेव्हापासून मी तिला भक्तिभावाचे प्रश्न विचारणं सोडलं आहे, कामाचे विचारते. तिच्या कामाच्या सूचना अशा : चूक दिसली त्या रात्री उसवायचं नाही, डोळे दमलेले असतात, नसलेल्या चुकाही दिसतात. सकाळी बघायचं. उसवायला लागलं की मध्ये थांबायचं नाही, नाहीतर थोडंसं वाचवावंसं वाटतं आणि भलत्याच ठिकाणी टाके उचलले जातात. लडी धुतल्यावर ती पुरती वाळेपर्यंत हात लावायचा नाही, कितीही उत्साह आला तरी. या शेवटच्या सूचनेचा मला सगळ्यात उपयोग झाला. धीर माझ्याकडे नसतोच. ओल्या लोकरीकडे असतो. ह्यूस्टनच्या दमट हवेत ती चार-चार दिवस वाळत नाही, तोपर्यंत माणसाचा राग आपोआप ओसरतो. पहिल्या वेळी मी हेअर ड्रायर लावला होता. धागा पुन्हा वाकडा वाळला. तेव्हा हेअर ड्रायर लावू नका.

तिसरी वेळ राहिली. २०२३ च्या डिसेंबरात नाशिकला गेले तेव्हा पाठ आणि पुढचा भाग तयार होता, वेणी सगळीकडे उजवीकडे. मोठ्या ऐटीत आईच्या खांद्यांना लावून पाहिला. दोन्हीकडून दोन-दोन बोटं खाली लोंबला. मला कळेना, या वेळी तर नमुना विणून मोजला होता. मापं तिनंच दिली होती. मग ती म्हणाली, "मी जुन्या ब्लाउजावरनं घेतली ती." जुना म्हणजे किती? दहा-बारा वर्षांपूर्वीचा. दर रविवारी मी तिला व्हिडिओवर बघते, पण व्हिडिओत माणूस गळ्यापर्यंतच दिसतो आणि आपल्याला हवं तेवढंच दिसतं. तिचे खांदे कधी उतरले ते मला कळलंच नाही.

त्या वेळी मुंढ्यापर्यंत उसवलं ते तिथेच, तिच्या समोर बसून. मी ओढत होते आणि ती गुंडा करत होती. तिचा हात माझ्यापेक्षा भराभर चालतो. आम्ही फारसं बोललो नाही. मध्येच तिनं बाबांना हाक मारून सांगितलं, "अहो, बघा, पीएचडी झालेल्या लेकीला उसवायला शिकवलं मी." बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, जवळ येऊन बसले आणि विचारलं, "हे टाके वर थांबतात कसे, खाली का पडत नाहीत?" साठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, असं आई म्हणते. मला वाटतं, तिनं वर्षं थोडी वाढवून सांगितली.

आता पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी अर्धी आहे. या डिसेंबरात जायचं आहे. गळा थोडा घट्ट होईल अशी शंका आहे, वहीत वसूच्या नावानं लिहिलेला तो शेरा मी या वेळीही विसरले. परवा आईला दाखवला, तर ती म्हणाली, "आण तसाच. इथे बघू."

पिशवी मी या बाजूनं फिरवायला देते आहे. हात लावून बघा, ताणून बघितलंत तरी चालेल. फक्त सुई ओढू नका.